काटा दोन बोटं डावीकडे

दुरुस्तीला येणारे निम्मे रेडिओ बिघडलेले नसतात. हे मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तंबी दिली होती, "असलं गिऱ्हाइकांपुढे बोलत जाऊ नका, दुकान बसेल." आता दुकान बसलंच आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

सेट उघडला की पाल निघायची, गांधीलमाशीचं घर निघायचं. एकदा नथ निघाली. ती नथ हरवली म्हणून त्या घरातली सून रुसून माहेरी गेली होती. नथ घेऊन घरातली झाडून सगळी माणसं तिला आणायला गेली आणि रेडिओ माझ्याकडे राहिला तो राहिलाच. एक गृहस्थ दर महिन्याला सेट घेऊन येत आणि म्हणत, "मिस्त्री, हल्ली बातम्या फार वाईट देतोय, जरा बघा." मी मागचं झाकण काढून आत फुंकर मारायचो आणि झाकण परत लावून द्यायचो. आठवडाभर त्यांना बरं वाटायचं.

माझं दुकान कोपरगाव तालुक्यात एका साखर कारखान्याच्या फाटकासमोर होतं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कारखान्याचा काडीचाही दोष नव्हता. दोष होता तो एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे काटा. आता काटा म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पहिला काटा रेडिओचा. तरुण मंडळींनी तो पाहिला नसेल. रेडिओच्या तोंडावर काचेची पट्टी असे, पट्टीवर आकडे असत आणि काचेमागे एक तांबडा काटा उभा असे. बटण फिरवलं की आतली दोरी तो काटा डावी-उजवीकडे ओढायची. जिथे आवाज लागेल तिथे थांबायचं. आमच्याकडे आकडे कोणीच वाचत नसे. बातम्या जिथे लागतात तिथे घरातली बाई काचेवर कुंकवाची टिकली लावून ठेवायची, आणि काटा टिकलीवर आणला की झालं.

दुसरा काटा कारखान्याचा. ऊस भरलेली गाडी एका लोखंडी फळीवर उभी करायची, शेजारच्या खोलीत घड्याळासारखी मोठी तबकडी, तिच्यावरचा काटा वजन दाखवतो. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. मग गाडी गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथे, रिकामी करून आणायची आणि पुन्हा फळीवर घ्यायची. भरल्या गाडीतून रिकामी वजा, तो तुमचा ऊस. वर्षभराच्या घामाचं काय ते या तबकडीवर ठरतं. म्हणून आमच्या भागात नुसतं काटा म्हटलं की माणसाला हाच काटा आठवतो, आणि वजनात फसवण्याला आम्ही 'काटा मारणे' म्हणतो. ऊसकऱ्याला याहून मोठी शिवी देता येत नाही आणि काट्यावरच्या माणसाला याहून मोठी खाता येत नाही.

काट्यावर बसत ते रंगनाथअण्णा. अंगाने किडकिडीत, आवाजाने मात्र भरदार. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तबकडीची काच ते रोज सकाळी स्वतःच्या टोपीने पुसत. गाडी फळीवर आली की खिडकीतून हाक मारत, "या, वजन बघा. आधी तुमी बघा, मग मी लिहितो." आणि गंमत अशी की कोणी बघायला जात नसे. शेतकरी लांबूनच हात हलवायचा, "तुमी बघितलं म्हंजी झालं, अण्णा." या हात हलवण्यावर अण्णा जगत होते. पगारावर जगताना त्यांना मी फारसं पाहिलं नाही.

आमच्या रेडिओ स्टेशनचा जन्म टेस्टिंगच्या डब्यातून झाला. रेडिओ नीट लागतो की नाही ते तपासायला मिस्त्रीकडे एक डबा असतो. त्यातून एक बारीक सूर हवेत सोडायचा आणि तो रेडिओत कुठे उमटतो ते बघायचं. एके दिवशी मी हौसेने त्या डब्याला माईक जोडला आणि "हॅलो, हॅलो" केलं. तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातून शेवंतामावशी पीठ लागलेल्या हाताने धावत आली.

"मिस्त्री, आरं माझ्या रेडिओत तू कसा रं घुसलास?"

मग मला चेव चढला. मी जुन्या सेटमधले, आवाजाला जोर देणारे व्हॉल्व्ह काढून डबा मोठा केला आणि दुकानाच्या पत्र्यापासून लिंबापर्यंत तार ताणली. आवाज आसपासच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत जाऊ लागला. प्रश्न एवढाच होता की बोलायचं काय? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. सांगण्यासारखं होतं ते अण्णांकडे. गाडीतळावर शंभर गाड्या नंबर लागायची वाट बघत उन्हात उभ्या असायच्या. अण्णा कर्ण्यातून नंबर पुकारायचे, पण कर्ण्याची वायर आज बैल चावायचा, उद्या चाकाखाली जायची. मग मी त्यांच्या खोलीत माईक ठेवला, वायर रस्त्यावरून उंच नेऊन माझ्या डब्याला जोडली, आणि अण्णांचा आवाज ट्रान्झिस्टरवर लागू लागला. गाडी तळावर ठेवून शेतकरी घरी जाऊन भाकरी खाऊ लागला. रेडिओवर नंबर आला की धोतर सावरत पळत यायचा. लोक याला 'अण्णाचं स्टेशन' म्हणत. माझं नाव कोणी घेत नसे, आणि ते ठीकच होतं.

स्टेशनचे सगळ्यांत मोठे श्रोते सोपाननाना. मोठे बागायतदार, अंगाने पैलवानी, बोलणं तर सभेतच शोभावं असं. त्यांना सासऱ्यांनी लग्नात विलायती रेडिओ दिला होता. ट्रंकेएवढा तो सेट सुरू केल्यावर तापायलाच इतका वेळ घ्यायचा की तोवर माणूस चूळ भरून यावा. त्या सेटची एक खोड होती. आपल्या सेटवर जे डावीकडे लागतं ते त्याच्यावर उजवीकडे लागायचं. बनवणाऱ्याने पट्टीच उलटी बनवली होती. मी नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "विलायतीत समदं उलटंच असतं. पन दर्जा बघ." ही खोड वाचकांनी लक्षात ठेवावी, मी नेमका त्या दिवशी विसरलो होतो.

ज्या सालाबद्दल सांगतोय ते दुष्काळाचं साल. कालव्याला पाणी कमी, ऊस बोटाएवढा बारीक. गाडी एक दिवस उन्हात राहिली की वजन घटायचं. प्रत्येकाचा जीव काट्यावर टांगलेला होता. अशात पोस्टाकडून रेडिओची लायसनं तपासायला एक साहेब आले. तेव्हा रेडिओ ऐकायलाही लायसन लागे. साहेब आले की निम्म्या गावाचे रेडिओ धान्याच्या कणगीत जायचे आणि गाव मुक्याने माना डोलवायचं. साहेब रेस्ट हाऊसवर उतरले आणि त्यांनी बातम्या लावल्या.

बातम्या अशा लागल्या: "मंत्रिमहोदय आपल्या भाषणात म्हणाले की, देशापुढील या कठीण प्रसंगी प्रत्येक नागरिकाने—" "रिकामी गाडी मागं घ्या! बैल धरा, बैल!"

माझं स्टेशन बातम्यांच्या इतकं शेजारी होतं की दोघांची सरमिसळ व्हायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. साहेब मात्र तडक दुकानात आले. मला वाटलं, आता बेड्या पडतात. पण साहेब माझ्याहून जास्त घाबरलेले होते.

"हे बघा, ऐकण्याचं लायसन असतं ते मला माहीत आहे. तुम्ही तर बोलताय. बोलण्याचं कोणत्या कलमात बसवू?"

"साहेब, मी बोलत नाही. अण्णा बोलतात."

"त्यांच्याकडे रेडिओ आहे?"

"नाही. माईक आहे."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मुक्काम हलेपर्यंत हे प्रकरण आपण पाहिलंच नाही असं धरू, असं ते म्हणाले. "पण तुम्ही बातम्यांपासून लांब सरका हो. मला बातम्या ऐकल्याशिवाय जेवण जात नाही." एवढी साधी मागणी मी कशी नाकारणार?

सरकायला दोन दिशा होत्या. उजवीकडे जायचं तर कॉइल उकलून तारेचे वेढे कमी करायला हवे होते, ते किचकट काम. डावीकडे जायला एक कंडेन्सर जोडला की झालं, आणि तो माझ्या खणात होता. मी कंडेन्सर उचलला. स्टेशन पट्टीवर दोन बोटं डावीकडे जाणार होतं. एवढं लोकांना आधी कळवलं की संपलं.

मी अण्णांकडे गेलो आणि निवेदन सांगितलं, "आपलं स्टेशन उद्यापासून जागा बदलत आहे."

अण्णांनी मान हलवली. "स्टेशन नको म्हनू. लोक रेल्वेचं समजतील. टांगेवाले धावून येतील तुझ्यावर. गैरसमज होईल असा शब्दच नको."

"मग काय म्हणायचं?"

"काटा म्हन की. काटा समद्यांना कळतो."

"रेडिओचा काटा म्हणू या?"

"रेडिओवरच तर सांगतोय. अजून रेडिओचा कशाला?"

मला पटलं. अजूनही आठवलं की मला माझ्या पटण्याचं नवल वाटतं. त्या संध्याकाळी, गाडीतळ भरलेला असताना आणि घरोघरी ट्रान्झिस्टर लागलेले असताना, कारखान्याच्या काट्यावर बसणारे रंगनाथअण्णा आपल्या भरदार आवाजात तीनदा म्हणाले, "शेतकरी बंधूंनो, लक्ष द्या. उद्या सकाळपासून आपला काटा दोन बोटं डावीकडं सरकत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

अण्णांचं म्हणणं खरं होतं. काटा सगळ्यांना कळला.

सकाळी मी कंडेन्सर जोडून बाहेर आलो तर फाटकासमोर ही गर्दी. गाड्या जिथल्या तिथे सोडलेल्या. काट्याच्या खोलीला वेढा पडलेला आणि पुढे सोपाननाना.

"दोन बोटं!" नाना आपली दोन बोटं वर करून सगळ्यांना दाखवत होते, आणि ती बोटं केळ्याएवढी जाड. "दोन बोटं डावीकडं म्हंजी गाडीमागं किती ऊस गेला रं? आनि काय ती हिंमत! चोरी करायची ती बी रेडिओवर सांगून!"

"नोंद घ्यावी म्हनतोय वर!" मागून कोणी तरी ओरडलं.

मी गर्दीत घुसलो. "नाना, ऐका. तो काटा हा नव्हे. तो रेडिओचा काटा. स्टेशन सरकलंय, वजन नाही."

नानांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "मिस्त्री, तू अण्णाच्या संगं रोज चहा पितो. तू हेच सांगनार. आरं, मानूस सोता काट्यावर बसतोय, सोताच्या तोंडानं काटा सरकतोय म्हनतोय, आनि तू म्हनतो रेडिओचा! अण्णा काय रेडिओवर बसतो व्हय?"

अण्णा खिडकीतून ओरडून सांगत होते, पण समोर कोलाहल इतका की त्यांचे नुसते ओठ दिसत. दगड नव्हते म्हणून बरं, पण उसाची कांडी खिडकीवर येऊ लागली. अण्णांनी खिडकी लावली, दार आतून बंद केलं आणि शहाण्या माणसाने करावं ते केलं. माईक उघडला आणि रेडिओवरून खुलासा सुरू केला.

आता इथेच खरी गोम आहे. खुलासा चालला होता नव्या जागी. लोकांचे काटे जुन्या जागी. नव्या जागी काटा नेल्याशिवाय खुलासा ऐकू येणार नाही, आणि खुलासा ऐकल्याशिवाय कोणी काटा हलवायला तयार नाही. जुन्या जागी तर आता चिडीचूप. त्यावरून लोकांनी आणखी एक अर्थ काढला, की आपण जाब विचारला म्हणून कारखान्याने स्टेशनचा आवाज दाबला.

मी हात जोडून म्हणालो, "आपापल्या रेडिओचा काटा दोन बोटं डावीकडे न्या, एवढंच करा."

"बघा! आता आपल्याकडून सुदिक काटा सरकवून घेतोय!" नाना गरजले. तिथल्या तिथे शपथा झाल्या की कोणीही कोणताही काटा हलवायचा नाही. एका पठ्ठ्याने ट्रान्झिस्टरच्या बटणाला काकवी लावून ते कायमचं चिकटवून टाकलं. ते पुढे मला गरम पाण्याने सोडवावं लागलं.

मी धावत जाऊन मावशीचा रेडिओ उचलून आणला. तिने गाणी शोधताना काटा कधीच फिरवला होता आणि तिला अण्णा सकाळपासून ऐकू येत होते. "त्येच त्येच बोलत हुता, म्हनून मी बंद क्येला," ती म्हणाली. मी तो गर्दीपुढे लावला. अण्णांचा आवाज स्वच्छ आला, "बंधूंनो, हा रेडिओचा काटा आहे." लोक हसले. मिस्त्रीच्या शेजारच्या हॉटेलातला, मिस्त्रीने दुरुस्त केलेला रेडिओ मिस्त्रीचंच बोलणार, असं ठरलं. कोणी तरी सुचवलं की साखरेची पोती फळीवर ठेवून काटा तपासू. लगेच दुसरा म्हणाला, पोत्यांचं वजन तरी कोणी केलंय? कारखान्यानेच ना? तिथे तोही मार्ग खुंटला.

दुपारी कारखान्याचे चेअरमनसाहेब आले. भला माणूस, पण समोर सभासद आणि तोंडावर निवडणूक. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा चोर नाही हे मला ठाऊक आहे. पण गव्हाण बंद पडून चालायची नाही. दिवस मावळायच्या आत हे मिटलं नाही तर मला त्यांना घरी बसवावं लागेल."

घरी बसवणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. काट्यावरून काढलेला माणूस. या तालुक्यात त्याच्या मुलांची लग्नं ठरली नसती. किराणा दुकानदाराने त्याच्यासमोर तागडीत वजन टाकताना गालात हसून घेतलं असतं. मी लिंबाखाली उभा होतो. बंद खोलीतून अण्णा बोलत होते आणि जगात ते कोणालाच ऐकू येत नव्हते. माझ्या खणातल्या एका कंडेन्सरपायी हे झालं होतं. दुकानात जाऊन तो उपटावा आणि जुन्या जागी यावं असं मला वाटलं, आणि मी गेलोही. पण घाईत ओढताना कंडेन्सर निघालाच नाही, डाग देऊन जोडलेली वायर तेवढी तुटली आणि डबा बंद पडला. ती कशीबशी जोडली ती कंडेन्सरसकट, म्हणजे स्टेशन पुन्हा डावीकडेच. डबा बंद पडण्यापेक्षा ते बरं म्हणून मी बाहेर आलो.

बाहेर नानांनी वेगळाच घाट घातला होता. स्टेशनचा आवाज दाबला आहे हे चेअरमनसाहेबांच्या कानावर घालायला त्यांनी घरून विलायती रेडिओ गाडीत घालून आणला होता. उसाच्या मोळ्या रचून त्यावर तो बसवला, कारखान्याची वीज जोडली, आणि सगळी सभा तो तापायची वाट बघत उभी राहिली. दिवा हळूहळू पिवळा झाला. काटा जुन्या जागी. आत नुसती खरखर.

"ऐका साहेब!" नाना म्हणाले. "ही आमची दाबलेली वाचा." मग त्यांना स्फुरण चढलं. "यांनी काटा डावीकडं न्हेला व्हय? मंग आमी उजवीकडं न्हेनार! बघू कोन आडवतं!"

आणि त्यांनी ते भलं मोठं बटण धरलं आणि शेतकऱ्यांच्या वतीने काटा उजवीकडे फिरवला. एक बोट. दोन बोटं.

त्या सेटची खोड मला त्या क्षणी आठवली.

सकाळपासून ओरडून बसलेल्या घोगऱ्या आवाजात अण्णा मोळ्यांवरून बोलले, "...काटा जागच्या जागी आहे हो. काटा जागच्या जागी आहे."

मग जो काय जल्लोष झाला म्हणता! टोप्या उडाल्या. "आला! काटा जागंवर आला!" नानांनी उजवीकडे फिरवला, आणि अण्णांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की काटा जागेवर आला. याहून वेगळा पुरावा कोणाला हवा होता? नानांना खांद्यावर घेण्याचा प्रयत्न झाला, तो वजनामुळे सोडून द्यावा लागला.

मी पुन्हा तोंड उघडणार होतो. चेअरमनसाहेबांनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. "मिस्त्री, गव्हाण सुरू होतेय. गप बसा."

दार उघडून अण्णा बाहेर आले. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. लोक हसताहेत एवढं पाहून त्यांना वाटलं, खुलासा पोचला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. मग नानांनी त्यांना मिठी मारली आणि मोठ्यांदा म्हणाले, "अण्णा, चूक कोनाच्या हातून व्हत न्हाई? पन चूक सुधारायला मन मोठं लागतं. त्ये तुमच्याकडं हाय." चेअरमनसाहेबांच्या गाडीतून एक शाल निघाली, मावशीच्या हॉटेलातून नारळ आला. अण्णांना शाल पांघरताना ते म्हणत होते, "पन मी सरकवलाच नव्हता हो." लोक टाळ्या वाजवत होते. नाना म्हणाले, "बघा, इनय बी किती हाय."

दुसऱ्या दिवसापासून माझा वनवास सुरू झाला. सगळ्यांनी नानांसारखा आपला काटा उजवीकडे नेला, आणि त्यांना लागली फिल्मी गाणी. तक्रारी घेऊन लोक दुकानात आले. खरं सांगून उपयोग नाही हे मी शिकलो होतो. मी प्रत्येकाला सांगितलं, "तुमच्या सेटची दोरी उलटी बसवलेली आहे. उजवीकडे जायचं तर बटण डावीकडे फिरवा." त्यांना पटलं. पोस्टाच्या साहेबांना बातम्या स्वच्छ ऐकू येऊ लागल्या, आणि जाताना ते माझ्याकडे एक पेढा ठेवून गेले. हंगाम संपल्यावर मी तार उतरवली, आणि पुढच्या वर्षी कारखान्याने नवे कर्णे आणले.

शाल मिळाली त्याच संध्याकाळी अण्णा दुकानात आले होते. शाल घडी करून बगलेत, नारळ हातात. नारळ त्यांनी काउंटरवर ठेवला.

"मिस्त्री, त्या पट्टीवर उजवीकडं जागा हुती का?"

"होती, अण्णा."

"मंग उजवीकडं का न्हाई गेलास?"

"वेढे सोडावे लागले असते." मग मी त्यांना हसवायला म्हणालो, "आणि उजवीकडे सरकवला म्हणून सांगितलं असतं, तर शेतकऱ्यांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं आणि कारखान्याने घरी बसवलं असतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "निदान शेतकऱ्यांत नाव तरी ऱ्हायलं असतं. आता नोकरी ऱ्हायली."

पुढे ते निवृत्त होईपर्यंत त्याच काट्यावर बसले. काच टोपीने पुसणं चुकलं नाही. "या, वजन बघा" हेही चुकलं नाही. फरक एवढाच की आता लोक बघायला जाऊ लागले. प्रत्येक जण खिडकीतून मान आत घालायचा, आणि आधी तबकडीच्या डाव्या बाजूला बघायचा. शत्रुत्व कोणाच्याच मनात नव्हतं. सगळे अण्णांशी हसून बोलत, लग्नामुंजीत मानाने बसवत. मी दुकानातून ते बघायचो आणि मला फार वाईट वाटायचं. अण्णा भेटले की मधूनच, दुसरं काही बोलताना, विचारायचे, "उजवीकडं जागा हुती ना रं?" मी म्हणायचो, "होती."

गेल्या वर्षी अण्णा गेले. कारखान्यावर शोकसभा झाली. काटा आता कॉम्प्युटरचा आहे, त्याला काटाच नाही, नुसते आकडे उमटतात. सभेचा लाउडस्पीकर माझाच होता, धंद्यातलं तेवढंच एक आता उरलं आहे. सोपाननाना काठी टेकत माईकपाशी आले. डोळे खरोखर भरलेले. म्हणाले, "लई मोठा मानूस. आविश्यात एकदाच काटा सरकला, त्यो बी दिवस मावळायच्या आत जाग्यावर आनला. असा मानूस व्हनं न्हाई."

मला राहवलं नाही. मी उठलो, माझाच माईक हातात घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळं गाव समोर शांत बसलेलं असताना, नीट सावकाश सांगितलं, "अण्णांनी काटा कधीच सरकवला नव्हता. तो काटा रेडिओचा होता. सरकवला तो मी."

कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. नाना माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने, हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ऱ्हाऊ द्या आता. गेलेल्या मान्साचं काढू न्हाई."